माझ्या विरोधकाचा आवाज

मी टीव्हीवर बोलते. राजकारणावर, समाजावर, निवडणुका आल्या की निवडणुकांवर. बोलणारे पुष्कळ असतात. माझी ओळख एवढीच की मी जुन्या बाजूनं बोलते. घर, कुळाचार, देवस्थान, गावकी, बापजाद्यांनी घालून दिलेली रीत, हे मोडायच्या आधी ते इतकी वर्षं का टिकलं याचा विचार करा, असं सांगणारी बाई. मुंबईच्या चॅनेलवर माझ्या फोटोखाली ‘परंपरावादी विश्लेषक’ अशी पट्टी यायची. आमच्या धाराशिवच्या बाजारात भाजीवाली मला ‘टीव्हीवर भांडती ती’ म्हणते. दोन्ही बरोबर आहे.

भांडायला मी शिकले जळकोटला, अप्पांच्या दुकानात. अप्पा म्हणजे माझे वडील. हायवेला लागून आमचं किराणा दुकान होतं. समोरच्या धाब्यावर ट्रक थांबायचे. हैदराबादकडचे ड्रायव्हर साबण, चहापत्ती, विड्या घ्यायला रस्ता ओलांडून यायचे आणि राजकारण बोलत तासभर उभे राहायचे. अप्पांच्या कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात बंडी. घरात ते कानडी बोलायचे, गावातल्या गिऱ्हाइकाशी मराठी आणि ड्रायव्हरांशी दखनी. पण तिन्ही भाषांत त्यांचं म्हणणं एकच असायचं. सरकारनं माणसाच्या घरात फार डोकावू नये आणि माणसानं सरकारच्या दारात फार बसू नये.

“तो फिर सेठ, रोड कौन बनाना?” एखादा ड्रायव्हर विचारायचा.

“रोड सरकार बनाना. जरूर बनाना,” अप्पा म्हणायचे. “मगर रोड बनाते बनाते मेरे घर में नको आना.”

मी साखरेच्या पोत्यावर बसून हे सगळं ऐकायची. मधेच तोंड घातलं तरी अप्पा रागवत नसत. मला बोलू द्यायचे, आणि मी चुकले की गिऱ्हाइकाच्या देखत हसायचे. ते हसणं टाळायचं म्हणून मी नीट विचार करून बोलायला लागले.

बारावीनंतर धाराशिवच्या कॉलेजात आले, होस्टेलवर राहिले. तिथं राज्यशास्त्राला जे सर होते, त्यांच्यामुळंच मला हे लिहावंसं वाटलं. सर सायकलवरून यायचे, चौकडीचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पक्के पुरोगामी. देव मानत नव्हते, मुहूर्त मानत नव्हते, स्वतःचं लग्न त्यांनी अमावास्येला लावलं होतं असं कॉलेजात सगळे सांगायचे. पहिल्याच वर्षी वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता एकत्र कुटुंब, आणि परीक्षक सर. बाकीच्या सगळ्या मुलांनी परीक्षक बघून भाषण फिरवलं. मला तेवढी अक्कल नव्हती. मी एकत्र कुटुंबाच्या बाजूनं, आमच्या घरातल्या चुलत्या-चुलत्यांच्या भांडणासकट, जे वाटत होतं ते बोलले.

निकाल सांगताना सर उभे राहिले. म्हणाले, “हिचं एकही वाक्य मला पटलेलं नाही. मी इथं बसल्या बसल्या एकेक वाक्य पाडायचा प्रयत्न केला. पडेना. पहिला नंबर हिचा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी चहाला बोलावलं. बाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, पोहे केले होते. पोहे गार झाले तरी आमचं संपलं नव्हतं. पुढची तीन वर्षं दर आठवड्याला हेच. सरांनी मला भरपूर पुस्तकं वाचायला दिली, त्यांतली निम्मी त्यांच्या स्वतःच्या मताविरुद्धची. “तुझी बाजू तुला धड माहीत नाही,” म्हणायचे, “मला दुबळ्याशी भांडायला आवडत नाही.”

लग्न धाराशिवातच झालं. आमच्या मालकांचं शेतीच्या मोटारी दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. बोलणं कमी, हात सतत ग्रीसमध्ये. बोलायचं काम घरात आत्यांचं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. उपासतापास काटेकोर पाळणाऱ्या, सोमवारी शंकराला पाणी घातल्याशिवाय चहाही न घेणाऱ्या. त्यामुळं गावातल्या केबलवाल्यांनी जेव्हा विचारलं की आमची बातम्या वाचणारी मुलगी बाळंतपणाला गेलीय, तुम्ही येता का, तेव्हा मला वाटलं आत्या नकोच म्हणतील.

आत्या डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बातम्या वाचायला कुठं पाप हाय? पदर डोक्यावर घे न घे, ते तुझं तू बघ. पण खोटं वाचू नको. लोक आपल्याला वळखतेत.”

केबलचा स्टुडिओ म्हणजे मोबाइलच्या दुकानावरची खोली. मागं निळा पडदा. पंख्याचा आवाज माइकमध्ये यायचा म्हणून वाचताना पंखा बंद. एप्रिल-मे महिन्यात घाम पुसत, पाणीपुरवठ्याच्या आणि बाजारभावाच्या बातम्या मी वाचल्या. तूर काय भाव गेली, कुठल्या रस्त्याचं काम अडलंय, कोणत्या गावात सप्ताह आहे. ती मुलगी बाळंतपणाहून परत आली तेव्हा केबलच्या मालकांना मला काढवेना. ते म्हणाले, तुम्ही काहीतरी वेगळं करा. मी म्हटलं, मला भांडायला माणूस द्या. आणि माणूसही मीच सुचवला.

सर हसत हसत तयार झाले. कार्यक्रमाचं नाव ठेवलं ‘बोला की’. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे पाण्याचा तांब्या. मी जुन्या बाजूनं, सर नव्या बाजूनं. एका अटीवर: कुणी कुणाचं बोलणं तोडायचं नाही. मंगळवारी संध्याकाळी कार्यक्रम लागायचा आणि बुधवारी सकाळी गावभर त्याची उजळणी व्हायची. दाढी करता करता न्हावी सरांची बाजू घ्यायचा, समोरचा कापडवाला माझी. जत्रेत बळी द्यावा का, पोरींनी शिकायला पुण्याला जावं का, लग्नात बँड असावा का डीजे. डीजेच्या विषयावर आम्ही दोघं एकाच बाजूचे निघालो आणि तो कार्यक्रम अगदी फिका झाला. लोकांनी फोन करून तक्रार केली.

मग एकदा विषय निघाला म्हाताऱ्या आईबापांचा. सरांचं म्हणणं, पोरं सांभाळत नसतील तर कायद्यानं त्यांना भाग पाडलंच पाहिजे. मी म्हटलं, “कायद्यानं भाकरी मिळेल सर, वाढणारा हात मिळणार नाही.”

सरांनी तांब्यातलं पाणी ओतून घेतलं. मग म्हणाले, “वाढणारा हात नसेल, तर भाकरी तरी मिळू दे की.”

मला आजही त्यांचं वाक्य माझ्यापेक्षा सरस वाटतं. पण कुणीतरी त्या कार्यक्रमाचा तुकडा कापला तो नेमका माझ्या वाक्यापाशी, आणि तो तुकडा मोबाइलवरून महाराष्ट्रभर फिरला. लोकांनी तो स्टेटसला ठेवला. लग्नाच्या पत्रिकेवर माझं वाक्य छापलेलं मी बघितलं. आणि एक दिवस मुंबईच्या चॅनेलचा फोन आला.

मी सरांना सांगायला गेले तेव्हा जरा संकोचलेच होते. सर म्हणाले, “माझं उत्तर कापलं गेलं हे खरं. त्याचं मला वाईट वाटलं हेही खरं. पण तू जा. आपल्या भागातलं माणूस तिथं बसत नाही. निदान आपली भाषा तरी त्यांच्या कानावर पडू दे.”

आमची लेक तेव्हा शाळेत होती. आत्या म्हणाल्या, ती माझ्याजवळ राहील. मालक म्हणाले, “जा.” एवढंच म्हणाले, आणि माझ्या बॅगेची तुटलेली चेन दुरुस्त करायला घेऊन बसले.

मुंबईत मला पहिल्यांदा कळलं की टीव्हीवर बोलणं आणि भांडणं वेगळं असतं. आमच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. तिथं पडद्यावर सहा चौकटी असायच्या आणि सहाही चौकटींत माणसं एकाच वेळी ओरडायची. कानात बसवलेल्या यंत्रातून आतला माणूस सांगायचा, “ताई, थोडं तापवा. ताई, त्यांना मधेच अडवा.” सुरुवातीला मला ते जमेना. मी समोरच्याचं संपायची वाट बघायची आणि तोवर जाहिराती लागायच्या. हळूहळू जमलं. जमलं म्हणजे गाजले. रस्त्यात लोक फोटो काढायला थांबवायचे. सभांना बोलवायचे. माझ्या बाजूचे पुढारी मला ताई म्हणायला लागले. मी घरी फोन केला की आत्या विचारायच्या, “काल कशावर बोललीस?” आणि मला पुष्कळदा आठवायचंच नाही.

एका संध्याकाळी चर्चेत बायकांच्या नोकरीचा विषय होता. माझ्याच बाजूनं बोलणारे एक वयस्कर गृहस्थ होते, सभांमध्ये फार टाळ्या घेणारे. ते म्हणाले, बाई घराबाहेर पडली आणि संस्कृती बुडाली. मी नम्रपणे म्हटलं की असं सरसकट बोलू नये. त्यावर ते हसून म्हणाले, “ताई, तुम्ही इथं आमच्याबरोबर बसलाय. आज तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतंय?”

कानातल्या यंत्रात कुणीतरी आनंदानं म्हणालं, “वा, वा, वा.”

“आज आमचे मालक करतायत,” मी म्हटलं. “शेंगोळे केलेत. मघाशी फोटो पाठवलाय. जरा जाड झालेत, पण कुळीथ घरचा आहे.”

स्टुडिओतले कॅमेरावाले हसले. मला हसू आलं नाही. मी पुढं बोलत राहिले, आणि बऱ्याच दिवसांनी मला माझाच आवाज ओळखीचा वाटला. मी म्हटलं, “काका, मी परंपरा मानते म्हणून सांगते. आमच्याकडं पेरणीला तिफणीमागं बाई चालते. बाजारात शेंगा बाई विकते. वेळा अमावास्येला शेतातल्या खोपीत पांडवांची पूजा सगळं घर मिळून करतं. माझ्या सासूबाई आयुष्यभर सोमवार धरतात आणि त्यांनीच माझी बॅग भरून दिली. घर सांभाळणं म्हणजे घरात बसणं, हे तुम्हाला कुठल्या परंपरेनं सांगितलं? आमच्या तरी नाही.”

ते प्रकरण आठवडाभर चाललं. माझ्याच बाजूच्या लोकांनी मला फोनवर जे लिहिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. सभांची आमंत्रणं बंद झाली. उलट ज्यांनी कालपर्यंत माझी टिंगल केली होती ते माझं तोंडभरून कौतुक करायला लागले, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला. चॅनेलमधल्या एका हुशार मुलीनं तर खास कार्यक्रम सुचवला: माझं मतपरिवर्तन. मी तिला म्हटलं, “अगं, माझं मत जिथं होतं तिथंच आहे. बाकीचे सरकले.” तिला ते पटलं नाही. वर्ष संपलं तेव्हा चॅनेलनं माझ्याशी पुढचा करार केला नाही. कुणी वाईट वागलं नाही, निरोपाला केकही कापला. पण निरोप तो निरोपच.

धाराशिवच्या स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळ झाली होती. मालक स्कूटर घेऊन आले होते. स्टेशनपासून गावापर्यंत मीच पाठीमागून बोलत होते, की आता आपलं संपलं, ना इकडचे आपले ना तिकडचे, आता कोण ऐकणार. चौकात त्यांनी स्कूटर थांबवली, गुलाबजाम बांधून घेतले आणि पुडा माझ्या हातात दिला. “खा,” म्हणाले. “नंतर बघू.”

घरी आत्या दारात उभ्या होत्या. “आलीस व्हय? लई बरं झालं. तिथं नुसता कल्ला. मला तर कोन काय बोलतंय तेच कळना. आता इथल्या मान्सांचं बघ की.”

महिना-दीड महिना मी काहीच केलं नाही. लेकीचे डबे केले, जळकोटला अप्पांकडं राहून आले. मग एका दुपारी सर घरी आले. निवृत्त झाले होते, सायकल मात्र तीच. बसले, पाणी प्याले आणि विचारलं, “मंगळवारी काय करतेस?”

असं ‘बोला की’ पुन्हा सुरू झालं. या वेळी खोलीत नाही. वर्कशॉप मंगळवारी बंद असतं, म्हणून मालक गाडी चालवायचे आणि मोबाइल तिकटीवर लावून चित्रीकरणही करायचे. आम्ही एकेका गावात जायचो, त्या गावाचाच विषय घ्यायचो, दोन खुर्च्या टाकून बसायचो. कार्यक्रम यूट्यूबवर जायचा. मुंबईच्या मानानं बघणारे मूठभर. पण ते मूठभर शेवटपर्यंत बघायचे.

असंच ढोकीजवळच्या एका गावानं आम्हाला बोलावलं. गावात महादेवाचं देऊळ, त्याला लागून देवस्थानचा मोठा सभामंडप. वर्षातले दोन सप्ताह मिळून पंधरा दिवस आणि चार-दोन लग्नं सोडली तर मंडप कुलूपबंद. गावातल्या पोरी पोलीसभरतीचा, तलाठीभरतीचा अभ्यास करत होत्या. घरात जागा नाही, गोंगाट. त्यांनी मंडप अभ्यासिकेला मागितला होता. देवस्थानचे पंच नाही म्हणत होते. गाव दुभंगलं होतं. चहाच्या टपऱ्यासुद्धा वाटल्या गेल्या होत्या.

माझी बाजू मला स्वच्छ दिसत होती. देवाची जागा देवाची. पूर्वजांनी ज्या कामासाठी दिली त्यासाठीच ती राहावी. सरांची बाजूही उघड होती. तारीख ठरली, आणि सरांचा आवाज गेला.

आधी घसा बसला असंच वाटलं. मग सोलापूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठ असल्याचं सांगितलं. ऑपरेशन झालं, गाठ तपासायला गेली. निकाल यायला जेवढे दिवस लागले तेवढे दिवस बाई आणि मी एकमेकींकडं न बघता बोलायचो. गाठ साधी निघाली. बाईंनी फोनवर ते सांगितलं आणि त्या रडल्या. पण डॉक्टरांनी बजावलं होतं: बरेच आठवडे अक्षर काढायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

मी भेटायला गेले. सर आरामखुर्चीत, गळ्याला मफलर, तोंडावर चोरट्या मुलासारखा भाव. बाई म्हणाल्या, “इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा गप्प बसलेत. मला घरात करमंना.”

मी म्हटलं, “सर, ढोकीचा कार्यक्रम पुढं ढकलू.”

सरांनी जोरानं मान हलवली. मोबाइल घेतला, टाइप केलं आणि माझ्यापुढं धरलं: ‘गाव थांबणार नाही. तू बोल.’

“माझी बाजू मी बोलीन. तुमची कोण बोलणार?”

सरांनी परत टाइप केलं. ‘तूच.’

मी हसले. ते हसले नाहीत. तेव्हा मला समजलं की ते मनापासून सांगतायत.

पुढचे काही दिवस मी दुपारी त्यांच्याकडं जायची. मी त्यांची बाजू मोठ्यानं मांडायची आणि ते ऐकायचे. मी मुद्दा जरा मऊ मांडला, माझ्या सोयीचा करून मांडला, की ते खुर्चीच्या हातावर थाप मारायचे. परत. पुन्हा थाप. परत. आयुष्यभर ज्या मतांशी मी भांडले ती मतं मी पहिल्यांदा आतून बघत होते. एकदा त्यांनी टाइप केलं: ‘देवाची जागा देवाचीच. पण देवाला पोरी परक्या आहेत का?’

“सर,” मी म्हटलं, “तुम्ही तर देव मानत नाही!”

त्यांनी शांतपणे लिहिलं: ‘गाव मानतं. मी गावाशी बोलतोय.’

मी ते वाक्य माझ्या वहीत उतरवून घेतलं. बाईंनी चहा आणला तो प्याले.

मंगळवारी आम्ही गेलो. सरही आले, कुणाचं ऐकेनात. देवळापुढच्या पटांगणात जमखाने टाकलेले, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, पोरी मागं भिंतीला टेकून. ऊसतोडीचा हंगाम होता, रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते आणि प्रत्येक ट्रॅक्टरला बोलणं थांबवावं लागत होतं. मी लोकांना सगळं सांगितलं. सरांचा आवाज डॉक्टरांनी बंद ठेवलाय, त्यांची बाजू मीच बोलणार. माझ्या खुर्चीत बसेन तेव्हा माझं मत. सरांच्या खुर्चीमागं उभी राहीन तेव्हा त्यांचं. लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, “म्हंजे सोंग हाय का?”

“सोंग न्हाय काका,” मी म्हटलं. “ऐका, मग सांगा.”

आधी मी माझं बोलले. की बाबांनो, जागा एकदा दुसऱ्याच्या हातात गेली की परत येत नाही. आज अभ्यासिका येईल. उद्या त्यावर कुणाचा तरी फलक लागेल, परवा तिथं कचेरी होईल आणि मग तुमच्याच देवाच्या मंडपात सप्ताह करायला तुम्हाला अर्ज करावा लागेल. पंचांच्या माना डोलल्या.

मग मी उठून सरांच्या पाठीमागं उभी राहिले. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, ज्यांनी ही जागा दिली त्यांच्या मनात काय होतं? चार माणसं इथं यावीत, देवाच्या सावलीत बसावीत, चांगलं काही कानावर पडावं. पूर्वी देवळाच्या ओसरीतच शाळा भरायची, हे इथल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. वर्षभर कुलूप लावून ठेवलेला मंडप कुणी कुणासाठी राखलाय? आणि देवाला पोरी परक्या आहेत का?

माझा आवाज त्या वाक्याला कापला. मी तो मुद्दाम कापरा केला नव्हता. सर खाली मान घालून बसले होते, त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर स्थिर होती. थाप पडली नाही.

बायकांमधून एक जण उठली. उन्हानं रापलेला चेहरा, कमरेला पदर खोचलेला. “बाई,” ती म्हणाली, “तुमी दोन्हीकडनं बोलायलाव. मग आमी कुनीकडं जावं?”

सगळे हसले, मीही हसले. आणि मग जे झालं ते आमच्या कार्यक्रमात तोवर कधी झालं नव्हतं. लोक आम्हाला विसरले. पंचांमधले सगळ्यात वयस्कर, जे इतका वेळ काठीवर हनुवटी टेकून बसले होते, ते म्हणाले, “जागा कुनाला द्यायचीच कशाला? देवस्थानच चालवंल की अभ्यासिका. कुलूप आपलं, किल्ली आपली. फलक न्हाय का काय न्हाय.”

एका पोरीनं भिंतीजवळून विचारलं, “आन् सप्ताहात, आजोबा?”

“सप्ताहात तुमी टाळ घ्या हातात. पंधरा दिस पुस्तक मिटलं तर काय पोलीस व्हायच्या ऱ्हात न्हायसा.”

लगेच सगळं ठरलं असं नाही. पुढं गावाच्या बैठका झाल्या, दोनदा मोडल्या, विजेच्या बिलावरून घोडं अडलं. पण शेवटी मंडप उघडला. सकाळपासून संध्याकाळच्या आरतीपर्यंत पोरींचा. आरतीला पोरींनीच दिवा लावायचा असं पंचांनी ठरवलं आणि पोरींनी ते मानलं. मला विचाराल तर ही माझ्या बाजूची जीत आहे: जुन्या देवस्थानानंच नवं काम अंगावर घेतलं. सरांना विचाराल तर ते म्हणतात ही त्यांची जीत. यूट्यूबखाली दोघांनाही शिव्या पडल्या. माझ्या लोकांनी लिहिलं, ही विकली गेली. सरांच्या लोकांनी लिहिलं, सरांनी आपली बाजू हिच्या हाती दिलीच कशी. मी ते सरांना वाचून दाखवलं. ते आवाज न करता इतके हसले की बाईंनी येऊन त्यांना दम दिला.

सरांचा आवाज परत आला तो जाडाभरडा, विहिरीतून आल्यासारखा. बोलायची परवानगी मिळाली त्या दुपारीच त्यांनी मला फोन केला. मी आनंदानं “सर!” म्हणून ओरडले.

“ऐक,” ते म्हणाले. “माझा तिसरा मुद्दा तू त्या दिवशी गाळलास.”

आता आम्ही दर मंगळवारी जातो. सरांना माइक तोंडाजवळ धरावा लागतो, फार बोलले की पाणी लागतं. मुंबईहून मधे पुन्हा विचारणा झाली. मी कळवलं की निवडणुकांच्या वेळी इथूनच बोलेन, एका माणसाशी आणि पुरेशा वेळासाठी. त्यांनी कळवतो म्हणून सांगितलंय.

मागच्या महिन्यात त्या गावातल्या पोरींनी आम्हाला मंडपात बोलावलं. आम्हाला वाटलं सत्कारबित्कार असेल. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. तिथं गेलो तर समोर दोन खुर्च्या, आणि त्या आमच्यासाठी नव्हत्या. आम्हाला जमखान्यावर बसवलं. एका खुर्चीत पोलीसभरतीची तयारी करणारी मुलगी, दुसऱ्या खुर्चीत तिची चुलत बहीण. विषय होता, शिकल्यावर गावात राहावं का जावं. दोघी इतक्या तयारीनं बोलत होत्या की ऐकता ऐकता मी पुढं सरकून बसले. चुलत बहिणीनं गावात राहण्याचा जो मुद्दा काढला तो मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. मी सरांकडं बघितलं. ते अस्वस्थ झाले होते, बोलायला तोंड उघडत होते.

“मला एक विचारायचंय गं,” मी हात वर करत म्हटलं.

“थांबा ओ बाई,” पोलीसभरतीवाली म्हणाली, “तिचं होऊ द्या.”

मग सरांनी हात वर केला. त्यांनाही तेच उत्तर. आरतीची वेळ झाली, पोरी दिवा लावायला उठल्या, तोवर आम्हा दोघांना एक शब्द बोलायला मिळाला नाही.